रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोनशे वर्षांचा हिशोब

(ऑडिओ एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना घेतलेले श्वास आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका मूर्खपणापासून करतो.

कॉलेज संपून नुकतीच नोकरी लागली होती. आम्ही तिघं एका भाड्याच्या फ्लॅटवर राहायचो. डिसेंबरातली थंडी, बाथरूममध्ये गीझर नाही. मग काय, पाणी तापवायचा रॉड आणला, १५०० वॅटचा. त्याचा प्लग जाड, १६ ॲम्पियरचा, आणि खोलीतलं सॉकेट छोटं. दुकानदाराने दहा सेकंदांत उपाय दिला: कन्व्हर्जन प्लग. तो रॉडला लावला, रॉड एक्स्टेन्शन बोर्डात लावला, बोर्ड भिंतीत. तीन आठवडे मस्त चाललं. एका सकाळी वास आला. जळक्या प्लास्टिकचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही माणूस. जाऊन बघतो तर बोर्डाचं ते एक सॉकेट तपकिरी पडून वितळलेलं, आणि प्लगची पिन आत चिकटलेली. गंमत म्हणजे एमसीबी पडलाच नव्हता. मीटरच्या शेजारी आरामात बसून होता, जणू काही झालंच नाही.

आता लाज वाटायची गोष्ट. आम्ही तिघंही बीटेक. पहिल्या वर्षाला ‘बेसिक इलेक्ट्रिकल’ होतं. व्ही = आय × आर, पी = व्ही × आय, ही सूत्रं मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. पण रॉड लावताना तिघांपैकी एकाच्याही डोक्यात भागाकार आला नाही. त्या दिवशी बोर्ड फेकून दिला, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ही इतकी साधी सूत्रं, व्होल्ट भागिले ॲम्पियर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले ॲम्पियर म्हणजे वॅट. ही शोधली कुणी? आणि इतकी साधी आहेत तर शोधायला इतका वेळ का लागला?

शोधत गेलो तर कळलं की या भागाकारापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि याच भागाकाराकडे दुर्लक्ष झालं तेव्हा अटलांटिक महासागराच्या तळाशी एक अख्खी केबल बाद झाली. तर चला, तिकडे जाऊ.

कुलूपवाल्याचा मुलगा

जर्मनीत एर्लांगन नावाचं गाव आहे. तिथे १६ मार्च १७८९ रोजी गेऑर्ग सिमोन ओहमचा जन्म झाला. वडील कुलपं बनवायचे. शाळेत फारसं शिकलेले नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकले, आणि मुलांनाही घरीच शिकवलं. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली.

हा मुलगा १८०५ मध्ये एर्लांगनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे त्याने काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. म्हणजे होस्टेलला गेलेला पहिल्या वर्षाचा पोरगा जे करतो तेच. वडिलांनी कष्टाने जमवलेला पैसा असा चाललेला बघून ते भडकले आणि त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवलं. तिथे तो एका शाळेत गणित शिकवायला लागला. स्वतःच्या जोरावर अभ्यास करत राहिला, १८११ मध्ये परत येऊन डॉक्टरेट घेतली. पण चांगली नोकरी काही मिळेना. अखेर १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून लागला. या शाळेत एक गोष्ट होती जी त्याच्या कामाची होती: चांगली प्रयोगशाळा. आणि त्याच्याकडे दुसरी एक गोष्ट होती जी विद्यापीठातल्या प्रोफेसरांकडे नव्हती: वडिलांच्या हाताखाली शिकलेलं हातकाम. यंत्रं विकत आणायला पैसे नाहीत? मग स्वतः बनवू.

त्या काळात विजेची स्थिती काय होती ते आधी लक्षात घ्या. व्होल्टाने बॅटरीचा शोध १८०० मध्ये जाहीर केला होता. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज ‘मोजायला’ एक साधन मिळालं. पण व्होल्ट नाही, ॲम्पियर नाही, ओहम तर नाहीच नाही. मल्टिमीटर तर विसराच. लोकांना एवढंच माहीत होतं की तार लांब केली की परिणाम कमी होतो. किती कमी होतो? इथे सगळा गोंधळ. इंग्लंडमध्ये पीटर बार्लो नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये प्रयोग केले. त्याला दिसलं की २०० फूट तार जोडली तरी परिणाम झपाट्याने घटतो. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की तारेतून दूरवर संदेश पाठवणं काही व्यवहार्य नाही. म्हणजे चुकीच्या सूत्रामुळे टेलिग्राफच अशक्य ठरवून टाकला!

आठ तारा आणि एक भागाकार

ओहमनेही १८२५ मध्ये पहिला प्रयत्न केला, आणि तोही फसला. त्याने लॉगॅरिदम असलेलं एक सूत्र छापलं, जे चुकीचं होतं. कारण? बॅटरी. त्या काळातली बॅटरी म्हणजे जुन्या फोनची बॅटरी समजा. शंभर टक्के दाखवते, आणि जरा कॅमेरा उघडला की वीस टक्क्यांवर येते. जोर लावला की तिचा दाबच पडतो. मग तारेमुळे धारा कमी झाली की बॅटरीमुळे, हे कळणार कसं?

पोगेनडोर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं: बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. १८२१ मध्ये झेबेकने शोधलं होतं की दोन वेगळे धातू दोन ठिकाणी जोडले आणि एक जोड गरम, दुसरा थंड ठेवला की वीज वाहते. वीज अगदी थोडी, पण पक्की. जोपर्यंत तापमान स्थिर, तोपर्यंत दाब स्थिर.

मग ओहमने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल बनवलं. एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात. उकळतं पाणी आणि वितळणारा बर्फ, दोन्हींचं तापमान आपोआप स्थिर राहतं. काय हुशारी आहे बघा! धारा मोजायला एक चुंबकीय सुई बारीक तारेला टांगली. वीज गेली की सुई वळते, मग वरून पीळ देऊन ती जागेवर आणायची, आणि किती पीळ द्यावा लागला तो आकडा लिहायचा. पुढे एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एक लावायची, मोजायचं, काढायची, दुसरी लावायची.

८ जानेवारी १८२६ च्या त्याच्या नोंदी छापील स्वरूपात आहेत. २ इंचाला ३२६.७५, ४ इंचाला ३००.७५, ६ ला २७७.७५, १० ला २३८.२५, १८ ला १९०.७५, ३४ ला १३४.५, ६६ ला ८३.२५ आणि १३० इंचाला ४८.५.

या आकड्यांवरून त्याने सूत्र काढलं: धारा = अ ÷ (ब + तारेची लांबी). त्या दिवशीच्या नोंदींसाठी अ म्हणजे ७२८५ आणि ब म्हणजे २०.२५.

मी काय केलं, हे सगळं पायथनमध्ये टाकलं. सवय! चार ओळींचा कोड. १३० इंचाला सूत्र देतं ४८.५. ओहमने मोजलेलं? ४८.५. ३४ इंचाला सूत्र देतं १३४.३, त्याने मोजलेलं १३४.५. १८ ला १९०.५, मोजलेलं १९०.७५. फक्त १० इंचाला जरा जास्त फरक आहे, २४०.८ यायला हवं होतं, आलंय २३८.२५. पण हा माणूस उकळतं पाणी, बर्फ आणि टांगलेली सुई घेऊन बसलाय हो! माझ्या अंगावर खरंच काटा आला. दोनशे वर्षांपूर्वीचा डेटा, एका शाळामास्तराचा, आणि माझ्या लॅपटॉपवर ग्राफ रेषेवर बसतोय.

आता या अ आणि ब चा अर्थ काय? इथेच खरी मजा आहे. ओहमने तापमानातला फरक खूप कमी करून पुन्हा मोजलं. तर काय झालं? अ त्याच प्रमाणात कमी झाला, पण ब तसाच राहिला. म्हणजे ‘अ’ हा ढकलणाऱ्याचा गुण आहे, आजच्या भाषेत व्होल्टेज. आणि ‘ब + लांबी’ हा वाटेचा गुण आहे, आजच्या भाषेत रोध. लांबी म्हणजे बाहेरच्या तारेचा रोध, आणि ब म्हणजे उरलेल्या सगळ्या यंत्राचा आतला रोध, जो त्याच तारेच्या सव्वावीस इंचांइतका आहे. ओहमकडे ओहम नावाचं एकक नव्हतं, म्हणून त्याचा रोध इंचांत!

बस, झालं. धारा = दाब भागिले रोध. उलटं फिरवा: रोध = व्होल्ट भागिले ॲम्पियर. हाच तो शाळेतला नियम.

इथे एक छोटी, जरा विचित्र गोष्ट. हेच नातं त्याच्याही आधी एकाने शोधलं होतं. इंग्लंडमधला हेन्री कॅव्हेंडिश, साल १७८१. तेव्हा बॅटरीही नव्हती आणि ओर्स्टेडची सुईही नव्हती. मग मोजलं कशाने? स्वतःच्या अंगाने! वेगवेगळ्या वाटेने विजेचा झटका घ्यायचा आणि कुठला जास्त लागला ते ठरवायचं. पण त्याने हे छापलंच नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, कॅव्हेंडिश गेल्यानंतर जवळपास सत्तर वर्षांनी. गिटवर पुश न केलेला कोड कुणाच्या कामाचा नसतो, मंडळी.

पुस्तक आलं, नोकरी गेली

ओहमने मात्र पुश केलं. अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. नावाचा अर्थ साधारण असा: ‘गॅल्व्हॅनिक सर्किट, गणिती मांडणी’. फ्रान्सच्या फूरिएने १८२२ मध्ये उष्णता पदार्थातून कशी वाहते याचं गणित मांडलं होतं. ओहमने तसंच विजेसाठी केलं. गरम बाजूकडून थंड बाजूकडे उष्णता वाहते, तशी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वीज.

त्याला वाटलं होतं, आता विद्यापीठाचं दार उघडेल. झालं उलटं. जर्मनीतल्या बऱ्याच भौतिकवाल्यांना त्या काळी गणितातून निसर्ग सांगणं हे खरं विज्ञान वाटतच नव्हतं. पोल नावाच्या एका प्रोफेसराने पुस्तकाची सालं काढली. आणि पुस्तकही सोपं नव्हतं हे मान्य करायला हवं. स्वच्छ प्रयोग मागे पडला होता आणि जड गणित पुढे आलं होतं. ओहम मनाला लावून घेणारा माणूस. त्याने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये गणिताच्या किरकोळ शिकवण्यांवर काढली. विचार करा, जगातल्या प्रत्येक सर्किटच्या मुळाशी असलेला नियम शोधलेला माणूस, वय चाळिशीच्या आसपास, आणि पक्की नोकरी नाही.

हळूहळू वारं फिरलं. फेकनर नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतः पुन्हा पुन्हा मोजून १८३१ मध्ये ओहम बरोबर असल्याचं दाखवलं. ओहमला १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये नोकरी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोपली मेडल दिलं, आणि त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही आलं. म्यूनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्रोफेसर तो झाला १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि ६ जुलै १८५४ ला गेला. जे हवं होतं ते मिळालं, पण दोनच वर्षांसाठी.

दारूवाल्याचा मुलगा

आतापर्यंत रोध झाला. पण माझा बोर्ड ‘वितळला’, म्हणजे उष्णता आली. तिचा हिशोब दुसऱ्या माणसाने केला.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून सॅलफर्ड आहे. तिथल्या एका बियर बनवणाऱ्या घरात १८१८ मध्ये जेम्स प्रेस्कॉट ज्यूल जन्मला. डोक्यात एक स्टार्टअप छाप कल्पना होती: ब्रूअरीतलं वाफेचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली तर? मोटर आणि बॅटरी घेऊन त्याने हिशोब मांडला. बॅटरीत जस्त जळतं, इंजिनात कोळसा. आणि जस्त कोळशापुढे फारच महाग पडतं! कल्पना बारगळली. पण त्या नादात तो मोजायला शिकला की वीज नेमकी कुठे खर्च होते.

काचेच्या नळीभोवती तार गुंडाळायची, ती पाण्यात बुडवायची, वीज सोडायची, आणि थर्मामीटरने पाणी किती तापलं ते बघायचं. म्हणजे माझा बादलीतला रॉडच की! १८४० मध्ये, अजून बाविशीही पूर्ण नव्हती, त्याने नियम काढला: उष्णता ही धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. पी = आय × आय × आर. धारा दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट. तिप्पट झाली तर नऊपट. रॉयल सोसायटीने त्याच्या पेपरचा फक्त सारांश छापला. पूर्ण पेपर त्याने १८४१ मध्ये दुसऱ्या मासिकात दिला. रशियात लेन्झनेही स्वतंत्रपणे हेच शोधलं.

आता ओहम आणि ज्यूल शेजारी ठेवा. ज्यूल म्हणतो, आय × आय × आर. ओहम म्हणतो, आय × आर म्हणजे व्ही. मग उरतं काय? व्ही × आय. व्होल्ट गुणिले ॲम्पियर म्हणजे वॅट. पाठ करायला तीन सूत्रं नाहीत, दोनच माणसांची दोन वाक्यं आहेत.

समुद्राच्या तळाशी

ही सूत्रं पुस्तकात पडून राहिली असती, पण टेलिग्राफ आला. आणि टेलिग्राफमध्ये पैसा होता.

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालून केबल ऑगस्ट १८५८ मध्ये जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश पाठवला. ९८ शब्द. पोचायला लागले १६ तास! तुमचं व्हॉट्सॲप दोन सेकंद अडकलं की तुम्ही राउटर बंद-चालू करता.

कंपनीचा विद्युत प्रमुख होता वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने डॉक्टर, विजेचा स्वयंशिक्षित अभ्यासक. दुसरीकडे होता ग्लासगोचा प्रोफेसर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन. थॉमसनचं म्हणणं, व्होल्टेज कमी ठेवा आणि घेणाऱ्या टोकाला अतिशय नाजूक यंत्र लावा. त्यासाठी त्याने आरशाचं गॅल्व्हानोमीटर बनवलं होतं. तांब्याच्या गुणवत्तेबद्दलही त्याने आधीच सांगितलं होतं, कारण बाजारातल्या वेगवेगळ्या तांब्याचा रोध मोजला तर त्यात प्रचंड तफावत निघाली होती. व्हाइटहाउसचं म्हणणं, सिग्नल पोचत नाही? मग जोर वाढवा. त्याने मोठमोठ्या कॉइल लावून सुमारे २००० व्होल्ट सोडले. केबलच्या आवरणात आधीपासून दोष होतेच. या दाबाने ते उरलंसुरलंही गेलं. काही आठवड्यांत केबल मुकी झाली. व्हाइटहाउसची नोकरी गेली, आणि भागधारकांचे पैसे समुद्रात.

मग चौकशी समिती बसली. त्यातून एक साधी गोष्ट पुढे आली: लोक मोजतच नव्हते, आणि मोजत होते तर प्रत्येकाचं माप वेगळं. कुणी म्हणे माझ्या केबलचा रोध इतक्या मैल तारेएवढा आहे. कुठली तार? माझी! जर्मनीच्या वेर्नर झीमेन्सने १८६० मध्ये एक मीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ हे माप सुचवलं. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये रोधाचं प्रमाण ठरवायला समिती नेमली, त्यात थॉमसन होता, पुढे मॅक्सवेलही आला. त्याच सुमारास क्लार्क आणि ब्राइट या दोन केबल इंजिनियरांनी सुचवलं की एककांना शास्त्रज्ञांची नावं द्या. आणि पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८८१ मध्ये ओहम, व्होल्ट, ॲम्पियर यांवर शिक्का मारला. नोकरी सोडून शिकवण्या घेणाऱ्या मास्तराचं नाव आता जगभर प्रत्येक तारेला लागलं. वॅट आणि ज्यूल ही नावं विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवली आणि १८८९ मध्ये मान्य झाली.

मोजून केलेली अटलांटिक केबल १८६६ मध्ये यशस्वी झाली. आणि १८७० मध्ये एडनहून समुद्राखालची केबल आपल्या मुंबईला आली. म्हणजे अटलांटिकच्या तळाशी घेतलेला महागडा धडा चार वर्षांत अरबी समुद्रात कामी आला.

कमी ॲम्पियर, जास्त व्होल्ट

पुढे एडिसन. त्याचा दिवा सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली खरी चलाखी रोधात होती. त्याने मुद्दाम जास्त रोधाचा तंतू निवडला. का? समजा १०० वॅटचा दिवा लावायचाय. १० व्होल्टवर चालवला तर १०० ÷ १० = १० ॲम्पियर लागतील. १०० व्होल्टवर चालवला तर १ ॲम्पियर. दिवा तेवढाच, पण ज्यूल आठवा: तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाने जाते. १० ॲम्पियरला ती शंभरपट! ती कमी ठेवायला मनगटाएवढं तांबं घालावं लागेल. जास्त रोधाचा दिवा म्हणजे कमी धारा, म्हणजे बारीक तार, म्हणजे धंदा. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं, ११० व्होल्टवर.

हेच गणित मुंबईकर रोज डोक्यावर घेऊन फिरतात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे लोकल टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर नेल्या, आणि २०१६ पर्यंत ते काम झालं. हिशोब करा. समजायला सोपा आकडा घेऊ, गाडीला ३० लाख वॅट लागतात. १५०० ने भागा: २००० ॲम्पियर. २५,००० ने भागा: १२० ॲम्पियर. (एसीत अजून एक-दोन बारकावे असतात, पण अंदाज बरोबर आहे.) तीच तार धरली तर वाया जाणारी उष्णता साधारण २७८ पटीने कमी.

आणि तुमच्या हातातला फोन? फास्ट चार्जरच्या मागे बघा. ५ व्होल्ट, २ ॲम्पियर, म्हणजे १० वॅट. त्याखाली ९ व्होल्ट, २ ॲम्पियर, म्हणजे १८ वॅट. केबलमधून जाणारी धारा तेवढीच, पण वॅट जवळपास दुप्पट. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर २० व्होल्टवर सव्वातीन ॲम्पियर देतो. तेच ५ व्होल्टवर द्यायचं तर १३ ॲम्पियर! ती बारीक केबल तिथेच गेली असती. एडिसनची युक्ती आता तुमच्या खिशात आहे.

एक सावधगिरी. पी = व्ही × आय हे त्या क्षणाला कुठेही खरं. पण व्होल्ट भागिले ॲम्पियर करून मिळालेला रोध कायम तसाच राहतो असं नाही. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब २३० व्होल्टवर ५२९ ओहमचा निघतो, पण बंद असताना मल्टिमीटर लावा, त्याच्या एक दशांशाच्या आसपास दिसेल. कारण गरम झाल्यावर तंतूचा रोध वाढतो. ओहमने तापमान सांभाळलं होतं, ते उगाच नाही.

परत त्या बोर्डाकडे

आता माझा बोर्ड. रॉड १५०० वॅट, घरात २३० व्होल्ट. १५०० ÷ २३० = ६.५ ॲम्पियर. बोर्डावर लिहिलं होतं ६ ॲम्पियर. म्हणजे पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या बाहेर. रॉडचा रोध? २३० ÷ ६.५ म्हणजे सुमारे ३५ ओहम.

पण सगळी वायर नाही वितळली, एकच सॉकेट वितळलं. का? कारण तिथली पत्ती सैल झाली होती. समजा त्या सैल जागेचा रोध फक्त १ ओहम झाला. एकूण रोध ३६, धारा ६.३ ॲम्पियर. त्या जागेवरची उष्णता: ६.३ × ६.३ × १, म्हणजे सुमारे ४० वॅट. मोबाइल रिपेअरवाल्याचं सोल्डरिंग गन साधारण २५ वॅटचं असतं, ज्याने तो धातू वितळवतो. आणि मी ४० वॅट एका प्लास्टिकच्या डबीत, गादीपासून दोन फुटांवर, रोज वीस मिनिटं.

आणि एमसीबी का पडला नाही, तेही आता दिसतं. रोध वाढला म्हणजे धारा उलट थोडी *कमी* झाली. एमसीबी धारा बघतो. त्याच्या दृष्टीने घर अगदी शांत होतं. सैल कनेक्शन त्याला दिसतच नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं: प्लग गरम लागतोय का, सॉकेट तपकिरी पडलंय का, पिन ढिली आहे का, वास येतोय का.

तर मंडळी, आज एक काम करा. रॉड, इस्त्री, इंडक्शन, केटल, जे काही तुमच्या खोलीत आहे त्याच्या मागचं लेबल वाचा. वॅट भागिले २३०. उत्तर सहाच्या जवळ किंवा वर आलं तर ते एक्स्टेन्शनवर लावायचं नाही, १६ ॲम्पियरच्या सॉकेटमध्येच लावायचं. कन्व्हर्जन प्लगने सॉकेटचं तोंड बदलतं, आतली पत्ती बदलत नाही. एका बोर्डावर दोन वस्तू असतील तर आधी वॅटची बेरीज, मग भागाकार. आणि कुणी भाड्याच्या खोलीत नव्याने राहायला गेला असेल तर त्याला हा एपिसोड पाठवा.

कोलोनमधल्या त्या मास्तराने बर्फ आणि उकळतं पाणी घेऊन आठ तारा मोजल्या, तेव्हा कुठे हा भागाकार आपल्या हाती आला. फोनच्या कॅल्क्युलेटरवर तो करायला पाच सेकंद लागतात. मी ते पाच सेकंद वाचवले होते.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत, प्लगला हात लावून बघा. स्विच बंद करून, अर्थात!